ताईचं रीडिंग

उज्जैन
१८ ऑगस्ट २०२४

ताई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग कागद बदलला. तू म्हणाली असतीस, गरज पडली की सगळे तीर्थरूप होतात. गरज आहे, म्हणून सरळ लिहितो.

मला बारावीची केमिस्ट्री शिकव.

बाबांना जाऊन या महिन्यात सहा वर्षं झाली. त्यांच्या मागे घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळू शकते. शाळेच्या प्रयोगशाळेतलीच जागा आहे, बाबांचीच म्हण ना. पण त्यासाठी बारावी सायन्स पास लागतं आणि मी केमिस्ट्रीत दोनदा नापास झालो आहे. पुढच्या ऑगस्टनंतर ते अर्ज घेणार नाहीत. म्हणजे फेब्रुवारी-मार्चची परीक्षा ही शेवटची. मी प्रायव्हेट फॉर्म भरला आहे.

दुसरी गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून तुला वाटेल की मी लपवली. अर्जाबरोबर बाकीच्या वारसांचं 'आमची हरकत नाही' असं शपथपत्र लागतं. म्हणजे आईचं आणि तुझं. मामा म्हणाला, "आधी मिनूची सही घे रे, केमिस्ट्री काय, होत राहील." मी सही आत्ता मागत नाही. पासच झालो नाही तर सही घेऊन काय करू? पास झालो तर मागेन. आणि तू बी.एस्सी. आहेस, माझ्याआधी त्या जागेवर तुझा हक्क आहे, हे मला माहीत आहे.

तू फोन उचलत नाहीस. बडोद्याचा हा पत्ता मामानं दिला. आईला या पत्राचं माहीत नाही. आपल्या घरात तुझं नाव निघत नाही, हे तुला सांगायला नको.

सोबत एक गणित सोडवून पाठवतो आहे. पन्नास ग्रॅम चुनखडी तापवली तर चुना किती मिळेल? मी पन्नास लिहिलं आहे, कारण समीकरणात एकाला एकच मिळतो. पुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर अठ्ठावीस आहे. बावीस ग्रॅम कुठे गेले ते मला कळत नाही. कुठल्या ओळीत चुकलो तेवढं दाखवलंस तरी पुरे.

श्रेयस


२२ सप्टेंबर २०२४

ताई,

पाकीट मिळालं. माझाच कागद परत आला, लाल पेननं भरलेला, आणि वेगळ्या चिठ्ठीवर दोन ओळी: "फोन नको. फोनवर तू समजलं-समजलं म्हणतोस. कागदावर दिसतं काय समजलं नाही." ती चिठ्ठी मी तीन-चारदा वाचली. इतक्या वर्षांनी तू माझ्यावर रागावलीस, बरं वाटलं.

बावीस ग्रॅम हवेत गेले, वायू होऊन. समीकरणातला 'एक' म्हणजे एक ग्रॅम नाही, एक मोल. आधी ग्रॅमचे मोल करायचे, मग समीकरण, मग मोलचे परत ग्रॅम. तू लिहिलंस, "मधल्या खोलीतून गेल्याशिवाय पलीकडच्या खोलीत जाता येत नाही." आता प्रत्येक गणिताच्या आधी मी समासात एक लहान खोली काढतो. हसू नकोस.

दुसऱ्या गणितात ऑक्सिजनचं सगळं निमपट आलं त्याचं कारण सापडलं. माझं पुस्तक हिंदी, आणि पुण्याहून ऋचाआत्यानं पाठवलेलं मराठी. हिंदीत ज्याला अणु म्हणतात तो मराठीतला रेणू. मी अर्धं गणित या पुस्तकातून वाचलं आणि अर्धं त्या. तू लिहिलंस तसं, मराठी पुस्तक बांधून माळ्यावर टाकलं.

तिसऱ्या गणितावर तू लिहिलंस, "उत्तर बरोबर, एकही ओळ बरोबर नाही. उत्तर आधी कुठून आलं?"

मागच्या पानावरून आलं. मी नेहमी उत्तर बघतो आणि तिथून मागे मागे चालत येतो. ही सवय मला कुठून लागली ते तुला माहीत आहे. प्रॅक्टिकलच्या दिवशी आपल्याकडे लॅबवाला टेबलाटेबलावरून फिरत हळूच आकडा सांगत जातो आणि मुलं उलटीकडून तक्ता भरतात. बाबा सांगायचे. सगळेच सांगतात. मीही अकरावीत तसाच पास झालो. लेखी पेपरात कोणी फिरत येत नाही, तिथे नापास झालो.

तू मात्र तसं केलं नाहीस. मी तेव्हा पाचवीत होतो, मला घरातल्या शांततेवरून कळलं. बारावीच्या प्रॅक्टिकलला तुझ्या बॅचमध्ये सगळ्यांचं रीडिंग दहा पूर्णांक दोन, तुझं एकटीचं अकरा पूर्णांक सहा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस की मला हेच आलं, बाकीच्यांना सांगितलं गेलंय. कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं आणि तू बाबांकडे पाहिलंस. तुला पूर्ण मार्क मिळाले, बाबांची महिदपूरला बदली झाली. मग रोजची पहाटेची बस, आणि तुझ्याशी बोलणं बंद. तू इंदूरच्या हॉस्टेलला गेलीस ती गेलीसच.

मी कोणाच्या बाजूनं लिहीत नाही. तू विचारलंस उत्तर कुठून आलं, म्हणून सांगितलं.

या वेळी मागची पानं मी स्टेपल करून टाकली आहेत. सोबत पाच गणितं. उत्तरं मलाच माहीत नाहीत, त्यामुळे भीती वाटते.

श्रेयस


१७ नोव्हेंबर २०२४

ताई,

या वेळी उशीर झाला कारण दिवाळीच्या आधीपासून कामावर सुट्टी नव्हती. तुला मी नोकरीचं लिहिलंच नाही. भैरवगढला बाटिकच्या कारखान्यात आहे. कापडावर मेणाची नक्षी करतात ते माझं काम नाही, माझा हात तितका स्थिर नाही. मी रंगाच्या हौदांवर असतो. कॉस्टिक सोडा भिजवायचा, रंग कालवायचा, कापड उकळून मेण काढायचं. हातमोजे घालतो, काळजी करू नकोस.

इथे एक फजिती झाली ती लिहितो, कारण ती तुझ्याच विषयातली आहे.

हौदात कॉस्टिकचं उरलेलं पाणी होतं. ते तसंच नालीत सोडू नये, आधी आम्ल घालून मारावं, असं आता सगळे कारखाने करतात. हौदांवरचे जुने कारागीर नियाजचाचा अंदाजानं ओततात. मी म्हटलं, चाचा, आज मी हिशोब करतो. चारशे ग्रॅम कॉस्टिक म्हणजे दहा मोल. एकाला एक, म्हणून आम्लाचेही दहा मोल, म्हणजे तीनशे पासष्ट ग्रॅम. मधल्या खोलीतून गेलो, सगळं तू सांगितलंस तसं. तोलून ओतलं. लिटमस बुडवला, निळाच्या निळा. पाणी बोटाला साबणासारखं बुळबुळीत.

चाचा खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "क्यों पुराणिक, तेरा मोल तो चला नहीं. मोल मेरे पे छोड़ दे, मैं ग्राहक से कर लूँगा."

सगळे हसले. मी दिवसभर वरखाली आकडे तपासत राहिलो. तिसऱ्या प्रहरी कॅनवरची चिठ्ठी नीट वाचली. त्यात आम्ल शंभरातलं तीसच, बाकी पाणी. मी पाण्यालाही आम्ल धरलं होतं! मग साधारण सव्वा किलो लागायला हवं होतं. बाकीचं घातलं तेव्हा कागदाचा निळा रंग गेला. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "तो मैं भी तो इतना ही डालता हूँ." मी तोलून बघितलं नव्हतं, त्यामुळे ते खरं की थाप, सांगता येत नाही.

पण ताई, एक कळलं. या वेळी चूक कोणी लाल पेननं दाखवली नाही. पाण्यानंच दाखवली. मला आधी राग आला आणि मग, कसं लिहू, जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. तू रोज औषधांच्या कंपनीत हेच करतेस ना? तुला पहिल्यांदा असं कधी वाटलं होतं?

नको, याचं उत्तर देऊ नकोस. मला माहीत आहे कधी वाटलं असेल.

आईला पाकिटं सापडली. तुझं अक्षर बघितलं आणि पाकिटं परत होती तिथेच ठेवली.

श्रेयस


१२ जानेवारी २०२५

ताई,

हे पत्र दोन दिवस लिहितो आहे. पहिल्यांदा लिहिलं त्यात फक्त गणितं होती. ते फाडलं.

माझं प्रॅक्टिकलचं सेंटर बाबांच्या जुन्याच शाळेत आलं आहे. आधी जाऊन बघावं म्हणून गेलो. लॅबमध्ये अजून बापू आहेत, बाबांच्या हाताखाली होते ते. मला ओळखलं. "पुराणिकजी का छोटा?" म्हणाले आणि शाळा सुटल्यावर शनिवारी येऊन हात बसव म्हणाले. तर दोन शनिवार गेलो.

तुला हसू येईल, पण टायट्रेशन मी आयुष्यात पहिल्यांदा खरं केलं. ब्युरेट, म्हणजे ती खुणांची उभी नळी, तिच्यातलं जांभळं द्रावण थेंब थेंब खाली चंबूत सोडायचं, फिका गुलाबी टिकला की चावी बंद करायची आणि नळीत किती उतरलं ते वाचायचं. वाचून वाटतं त्यात काय आहे. तीन वेळा केलं, तीन आकडे आले.

सुरू करण्याआधी बापूंनी एक गोष्ट करायला लावली. नळी भरून चावीखाली कोरडा कागद धरायचा आणि थांबायचं. मी विचारलं हे कशाला, पुस्तकात तर नाही. ते म्हणाले, "तेरी बहन के टाइम से करता हूँ."

मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

त्या दिवशी परीक्षा संपून सगळे गेले. बापू स्टँड धुवायला गेले तर तुझ्या टेबलावरच्या स्टँडच्या पायाशी जांभळा डाग. त्यांनी बाबांना दाखवला. बाबांनी तुझी ब्युरेट परत भरली आणि घड्याळ समोर ठेवून बघत राहिले. चावी बाजूनं गळत होती. थेंब चंबूत पडत नव्हता, काचेच्या बाहेरून स्टँडवर उतरत होता. जांभळ्या द्रावणात, गडबडीत, कोणाला दिसणार? ती ब्युरेट बाबांनी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवली होती. त्या सकाळी एक कमी पडली म्हणून शिपायानं उचलून लावली.

बापू म्हणाले, "मैंने कहा, साब, परीक्षक अभी स्टेशन नहीं पहुँचे होंगे, बुलवा लूँ? ये दिखा दो तो आपका आकड़ा सही निकलेगा. साब बोले, और लड़की का? मैं बोला, लड़की का गलत. तो बोले, फिर रहने दो."

नंतर बाबा बापूंना एवढंच म्हणाले: "बेटी का हाथ सही था, बापू. ब्युरेट मेरी खराब थी."

आणि दहा पूर्णांक दोन हा आकडा त्यांनी मनानं बनवलेला नव्हता. परीक्षेच्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी ते स्वतः तीन वेळा टायट्रेशन करायचे. सांगायचं ते खरं सांगायचं, असा त्यांचा नेम होता. सांगणं चूकच होतं, ताई. त्यात मी काही झाकत नाही, बाबांनीही झाकलं नाही. ते म्हणाले असते की मी सांगितलं नाही, तरी कोणी सिद्ध करू शकलं नसतं. ते काहीच म्हणाले नाहीत.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. सगळं ऐकेपर्यंत सोलत राहिली, मग दाणे आणि सालं एकाच ताटलीत टाकायला लागली.

"मिनूला हे लिहू नकोस," म्हणाली. तुझं नाव घेतलं.

मी म्हटलं, का?

"सही होऊ दे आधी. तिला वाटेल आपण तिलाच खोटी ठरवतोय. एवढ्या वर्षांत तिच्याजवळ दुसरं काय आहे? तेवढं एक खरं घेऊन बसली आहे ती तिकडे. ते काढून घेतलंस तर सही करेल तुझ्या कागदावर?"

"आणि सही झाल्यावर सांगू?"

"तेव्हा बघू."

"म्हणजे सही घेईपर्यंत तिचा आकडा बरोबर, आणि मग चूक?"

आई म्हणाली, "फार शिकलास. जा, पाणी तापलंय का बघ."

आईचं चूक नाही. सही नसेल तर जागा नाही, आणि भैरवगढच्या हौदांवर माणूस किती वर्षं काढतो ते मी बघतो आहे, चाचांचे हात बघतो आहे. पण मी तुझ्याकडून चार महिने शिकतो आहे की मधली ओळ गाळून उत्तर लिहायचं नाही. आता तुझ्याशीच मधली ओळ गाळू?

म्हणून या वेळी माझ्याकडून तुला एक गणित. आकडे बापूंचे आहेत, बाबांनी मोजताना त्यांनी शेजारी उभं राहून ऐकलेले.

एका ब्युरेटची चावी मिनिटाला सात थेंब बाहेर गळते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. काळजीपूर्वक काम करणाऱ्या मुलीला एका रीडिंगला चार मिनिटं लागतात. तिन्ही वेळा ती तेवढाच वेळ घेते, म्हणून तिन्ही रीडिंग सारखी येतात, आणि तिला शंका येण्याचं काही कारण नसतं. तिनं अकरा पूर्णांक सहा वाचलं आणि तेच लिहिलं. चंबूत प्रत्यक्षात किती पडलं?

मी सोडवलं आहे. उत्तर लिहीत नाही.

श्रेयस


२३ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं काही आलं नाही. डिसेंबरच्या गणितांचा कागदही नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला, "भैया, चिट्ठी आएगी तो मैं क्या अचार डालूँगा?" दुसऱ्यांदा विचारलं नाही.

प्रॅक्टिकल काल झालं. तू वाचशील की नाही माहीत नाही, पण लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगावं असं नाही.

टेबलावर गेल्यावर आधी चावीखाली कागद धरला. बाजूची मुलं बघायला लागली. एक जण म्हणाला, "अंकल, पूजा कर रहे हो क्या?" मी त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा आहे, मिशी आहे, अंकल म्हणणारच. कागद कोरडा राहिला. सुरू केलं.

थोड्या वेळानं बापू निघाले. पहिल्या टेबलापासून, हातात काचेची कांडी घेऊन, जणू काही तपासत आहेत. प्रत्येक टेबलाशी थांबायचे, ओठ हलायचे, पुढे. माझ्या ओळीत आले. सांगितलं तर मी काय करणार होतो, ताई, हे मला आजही माहीत नाही. मी ठरवलेलं होतं, पण ठरवलेलं असणं आणि कानात आकडा पडणं वेगळं आहे.

बापू माझ्याशी थांबले. चावीखालच्या कागदाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि आकडा न सांगता पुढच्या टेबलाकडे गेले.

माझ्या तोंडून हाक निघणार होती, खरं सांगतो. सगळ्या वर्गाला आकडा माहीत आणि मला एकट्याला नाही. आई डोळ्यांसमोर आली, मामा आला, ऑगस्ट आला. हाक मारली नाही, यात माझं काही मोठेपण नाही, तोवर बापू दोन टेबलं पुढे गेले होते.

पहिल्या वेळी गुलाबी फार गडद झाला. नंतरच्या दोन्ही वेळा आठ पूर्णांक सहा. तेच लिहिलं. परीक्षक मॅडम होत्या. म्हणाल्या, "सबका आठ दशमलव चार, आपका छह क्यों?" मी म्हटलं, मॅडम, मला हेच आलं. त्यांनी माझा चंबू उजेडात धरला. "रंग ज़्यादा हो गया है. दो-चार बूँद पहले रुकना था." मग विचारलं, जांभळ्याच्या एका मोलला समोरचे पाच का घेतलेत. ते मी सांगितलं, अडखळत, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्या ऐकत होत्या.

म्हणजे आकडा माझाच चुकला. नळी चांगली होती, हात माझा चुकला. हिशोब बरोबर होता.

बापूंना मी नंतर विचारलं, मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, "तेरे को बताता तो साब को क्या मुँह दिखाता?" आणि बेसिन धुवायला लागले.

श्रेयस


१८ मे २०२५

ताई,

निकाल लागला. केमिस्ट्री लेखीत सत्तरपैकी एकतीस, प्रॅक्टिकलला तीसपैकी एकवीस. पास. मी रोल नंबर चारदा ताडून पाहिला, मग सायबर कॅफेवाल्याकडून पाहून घेतला. भैरवगढला सगळ्यांना कचोऱ्या दिल्या. चाचा म्हणाले, "अब तो साहब हो गया, चिट्ठी देख के तेज़ाब डालेगा."

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, पास झालो तर सही मागेन. तर आता मागतो.

जानेवारीपासून तुझी ओळ नाही. आई रोज नाही पण एक दिवसाआड विचारते, "काही आलं?" मी नाही म्हणतो. ती 'मी सांगितलं होतं' असं म्हणत नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मामा मात्र म्हणाला. म्हणाला, "गणित पाठवलंस बहिणीला? अरे, सहीचा कागद पाठवायचा होता!"

मला पुन्हा ते पत्र लिहायला सांगितलं तर मी तेच लिहीन. फक्त शेवटचं गणित घालणार नाही. ते घालताना मला जरा हुशारी करावीशी वाटली, तुला लाल पेननं काही दाखवावंसं वाटलं. त्याबद्दल माफ कर. बाकीच्याबद्दल नाही.

तुला जागा हवी असेल तर तसं लिही, माझं शपथपत्र मी करून देईन. आई काय म्हणेल ते मी बघून घेईन. मला नको म्हणून नाही, मला हवी आहे. लॅबचं दार उघडल्यावर जो वास येतो तो मला आता ओळखीचा वाटतो. पण तूही माझ्याइतकीच वारस आहेस आणि तुझा हात चांगला आहे, हे बाबांनीच म्हणून ठेवलं आहे.

अर्ज ऑगस्टच्या आत द्यायचा आहे. हे धाक घालायला लिहीत नाही, तारीख म्हणून लिहितो.

श्रेयस


१० जुलै २०२५

ताई,

रजिस्टर्ड पाकीट मंगळवारी मिळालं. मी कामावर होतो, आईनं सही करून घेतलं आणि न फोडता माझी वाट बघत बसली.

आधी शपथपत्र बाहेर आलं, शिक्का मारलेलं, तीन ठिकाणी तुझी सही. आईनं कागद हातात घेतला आणि 'मृण्मयी विष्णू पुराणिक' एवढंच मोठ्यानं वाचलं. मग माझा जानेवारीचा कागद निघाला. तू गणित सोडवलं आहेस. दोन रीतींनी सोडवलं आहेस, जणू पहिलीवर विश्वास बसला नाही. दोन्हींचं उत्तर तेच. खाली पेन्सिलनं तुझा एकच प्रश्न: "थेंब मोजताना बाबा उभे होते की बसले होते?"

मी बुधवारी बापूंकडे गेलो. त्यांना प्रश्न विचित्र वाटला नाही. म्हणाले, बसले होते, स्टुलावर. चावीच्या बरोबरीला डोळे आणून, हनुवटी टेबलावर टेकवून. आधी एकदा मोजलं, मग ब्युरेट परत भरून पुन्हा मोजलं. खिडकीतला उजेड कमी झाला तेव्हा बापूंनी दिवा लावला, तर म्हणाले, राहू दे, आता दिसण्याची गरज नाही.

यापुढचं बापूंना आठवत नाही आणि मी आग्रह केला नाही.

आज सकाळी कागद घेऊन शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनांनी मार्कशीट बघितली, आईचं शपथपत्र बघितलं, तुझं उलटसुलट केलं आणि परत सरकवलं. "ये तो गुजरात का स्टाम्प है. यहाँ का चाहिए." मी म्हटलं, साहेब, ती बडोद्याला असते. ते म्हणाले, "तो बुला लो. एक बार आ के नोटरी के सामने साइन कर दें, काम खतम. बहन ही तो है, कोई विलायत से थोड़ी आना है."

मामा असता तर भांडला असता. कदाचित भांडून तोच कागद चालूनही गेला असता. मी 'ठीक है' म्हणालो आणि कागद घेऊन बाहेर आलो. मला वाईट वाटायला हवं होतं. ऑगस्ट जवळ आला आहे, हातात न चालणारा कागद, आणि मी मात्र कोठी रोडच्या झाडांखालून पार फ्रीगंजपर्यंत चालत आलो, ऑटो करायचं सुचलंच नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं, ताईला यावं लागेल. ती उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती कॅलेंडर घेऊन आली.

"सोमवारी येऊ नको म्हणावं. इकडचा श्रावण लागतोय, महाकालची सवारी असते, सगळे रस्ते बंद. मंगळवारी ये म्हणावं. आणि स्टेशनाच्या गावाकडच्या बाजूनं नको, फ्रीगंजच्या बाजूनं उतर म्हणावं, तिकडे गर्दी कमी. तू जाशील आणायला."

मी म्हटलं, आई, इतकं सगळं तूच लिही ना.

खालच्या दोन ओळी तिच्या आहेत. अक्षर वाकडं आहे, चष्मा सापडला नाही.

श्रेयस

मिनू, मंगळवारी ये.
तुझ्या बाबांनी मलाही काही सांगितलं नव्हतं.